गॅरेजचा कोबा: ओल, धूळ आणि खळगे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

काँक्रीटचा कोबा बिघडतो तेव्हा सहसा एका अंगाने बिघडत नाही. खालून ओल येते, वरचा थर भुसभुशीत होतो, तो झिजून खळगे पडतात आणि खळग्यांत पुन्हा पाणी साचतं. म्हणून खालचे प्रश्न वेगवेगळे दिसले तरी त्यांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. घाई असेल तर निदान पहिली चार वाचा.

ओल आहे, धूळ आहे, खळगेही आहेत. सुरुवात कुठून करायची?

पाण्यापासून. आधी ओल, मग भुसभुशीत थर, मग खळगे आणि भेगा. रंग किंवा लेप करायचाच असेल तर सगळ्यात शेवटी.

मी स्वतः हा क्रम उलटा केला होता. धुळीला वैतागलो होतो, म्हणून एका सुट्टीत झाडून-पुसून दोन हात रंग मारून मोकळा झालो. दोन महिने जमीन अशी दिसत होती की गाडी आत घ्यायला जीव होईना. मग चाकांच्या जागी फोड आले. फोडावर अंगठा दाबला की आतून पाणी यायचं. वर्ष व्हायच्या आत पापुद्रे सुटू लागले. एक पापुद्रा उलटा करून पाहिला, तर त्याच्या पाठीला करड्या पुडीचा एकसारखा थर चिकटलेला. म्हणजे रंगाने पकड सोडलीच नव्हती. ज्या थराला त्याने धरलं होतं तो थरच जमिनीपासून सुटला होता. त्यानंतर सगळा रंग खरवडायला जे चार दिवस गेले, ते सुरुवातीला ओल शोधण्यात घातले असते तर बरं झालं असतं.

ओल खालून येते की हवेतून, हे कसं ओळखायचं?

साधारण दीड फूट लांब-रुंद असा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या. जागा झाडून कोरडी करा, तुकडा अंथरा आणि चारही कडा चिकटपट्टीने अशा बंद करा की हवा आत शिरणार नाही. धुळकट कोब्यावर चिकटपट्टी टिकत नाही, म्हणून कडांची जागा आधी तारेच्या ब्रशने घासून घ्या. एक पूर्ण दिवस तरी ठेवा, दोन ठेवलात तर उत्तम.

उचलताना बघा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील किंवा त्याखालचा कोबा काळपट झाला असेल, तर ओल जमिनीतून येते. वरची बाजू ओली आणि खालची कोरडी असेल, तर हवेतलं बाष्प गार जमिनीवर बसतंय. दोन्ही बाजू ओल्या निघाल्या तर दोन्ही कारणं आहेत, आणि हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

हा प्रयोग एकाच जागी करून निकाल देऊ नका. मध्यभागी एक, भिंतीपाशी एक, दरवाजापाशी एक असे तीन तुकडे लावा. भर उन्हात लावू नका, प्लास्टिक तापून निकाल फसवा येतो. कोरड्या दिवसांत काहीच दिसलं नाही, तर पावसाच्या झडीनंतर पुन्हा करा. या प्रयोगातून 'ओल आहे' हे खात्रीने कळतं; 'ओल नाही' हे मात्र फक्त त्या दिवसापुरतं.

पाऊस नाही, गळती नाही, तरी काही दिवशी जमीन घामेजते. हे काय?

ते दव आहे, फक्त गवताऐवजी कोब्यावर पडलेलं. काँक्रीट मातीला टेकलेलं असतं, त्यामुळे ते हवेपेक्षा उशिरा तापतं. हवा ३० अंश सेल्सिअस आणि तिच्यातली आर्द्रता ८० टक्के असेल, तर २६ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. कोबा २४ अंशांवर असेल तर तो ओला होणारच, त्याच्यात काहीही दोष नसला तरी. तेवढ्याच उष्ण हवेत आर्द्रता ६० टक्के असेल, तर हीच मर्यादा २१-२२ अंशांवर येते आणि तोच कोबा कोरडा राहतो.

म्हणूनच 'हवा खेळती ठेवा' हा सल्ला इथे अर्धाच खरा आहे. दमट दिवशी दरवाजा सताड उघडा ठेवलात तर बाहेरचं बाष्प तुम्हीच आत बोलावता. बाहेर कोरडं असेल तेव्हा उघडा, कोंदट असेल तेव्हा बंद ठेवा. बंद गॅरेजमध्ये आर्द्रता शोषणारं यंत्र चांगलं काम करतं. साधा पंखाही हवा हलती ठेवून बराच फरक पाडतो. भिजलेली गाडी आत घेतली तर तिच्यावरचं पाणीही शेवटी कोब्यावर आणि हवेतच जातं, हेही हिशेबात धरा.

ओल खालूनच येते हे नक्की झालं. वरून वॉटरप्रूफिंग मारलं की थांबेल ना?

बहुतेक वेळा नाही. सगळ्यात जास्त पैसा आणि मेहनत इथेच वाया जाते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काँक्रीट भरीव दिसतं, पण आत केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. दिव्याची वात तेल वर ओढते तसं हे जाळं मातीतलं पाणी वर ओढतं. कोबा टाकताना खाली खडीचा थर आणि त्यावर जाड प्लास्टिक अंथरलेलं असेल, तर ही वाट बंद असते. जुन्या गॅरेजांत ते बहुधा नसतंच, आणि असलं तरी टाकताना फाटलेलं असू शकतं. आता ते खालून घालता येत नाही. वरून लेप मारला तर पाणी थांबत नाही, फक्त लेपाखाली अडकतं. शिवाय सिमेंटमुळे ते तीव्र अल्कधर्मी झालेलं असतं. तेलावर आधारलेल्या रंगाचा तर त्याच्या संपर्कात अक्षरशः साबण होतो.

म्हणून आधी मातीत पाणी कमी जाईल असं बघायचं. पावसात छत्री घेऊन गॅरेजभोवती एक फेरी मारा. छपराची पन्हाळ तुंबून पाणी भिंतीलगत कोसळतंय का? पन्हाळीचा पाइप पायाशीच तर सोडलेला नाही ना? बाहेरच्या जमिनीचा उतार गॅरेजकडे आहे की गॅरेजपासून दूर? भिंतीपासून पहिल्या १० फुटांत साधारण ६ इंच उतार बाहेरच्या दिशेला हवा. फुलझाडांचा वाफा भिंतीला लागून असेल आणि त्यातली माती कोब्याच्या पातळीच्या वर चढलेली असेल, तर ओलीचं कारण सापडलं म्हणून समजा. गाडीचा रस्ता गॅरेजकडे उतरत असेल तर दरवाजाबाहेर आडवी जाळीची गटार लागते. तिथे दुसरा कुठलाही उपाय पुरत नाही.

हे केल्यावर थांबा. भिजलेलं काँक्रीट वाळायला फार वेळ घेतं. एका बाजूनेच वाळणाऱ्या थराला इंचामागे साधारण एक महिना असा ढोबळ हिशेब धरतात, म्हणजे ४ इंचांच्या कोब्याला चार महिने. वाळल्यानंतर प्लास्टिकचा प्रयोग पुन्हा करा. अनेकांचं काम इथेच संपतं.

ओल फक्त भिंतीच्या कडेने आहे. त्याचं वेगळं काही?

कोबा आणि भिंत यांच्यामधला सांधा उघडा असतो, पाणी तिथूनच शिरतं. वरच्या प्रश्नातलं बाहेरचं काम इथे दुप्पट महत्त्वाचं. ते झाल्यावर सांधा खरवडून साफ करा, त्यात फोमची गोल दोरी दाबा आणि वरून लवचीक पॉलियुरेथेन सीलंट भरा. सिमेंटचा माल भरू नका. भिंत आणि कोबा वेगवेगळे हलतात, तो महिन्याभरात सुटतो. सांध्यातून वाहतं पाणी येत असेल तर चटकन घट्ट होणारं, गळती बुजवायचं सिमेंट लागतं, पण ती मलमपट्टी आहे हे लक्षात असू द्या.

कोब्यावर पांढरी पूड येते. ही धूळ की लोणा?

चिमूटभर पूड काचेच्या पेल्यात पाण्यात टाका. विरघळली तर लोणा, तळाला गाळ बसला तर धूळ. जुना लोणा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कठीण झालेला असेल, तर तो सहज विरघळत नाही. तेव्हा जागेवरून अंदाज बांधा. लोणा भेगांच्या कडेने, भिंतीलगत, ओल वाळते त्या रेषेवर फुलतो. धूळ सगळीकडे असते आणि चाकांच्या वाटेवर जास्त.

लोणा म्हणजे पाण्याने वर आणून ठेवलेले क्षार. तो कोरड्या ब्रशने झाडून उचला. पाण्याने धुतलात तर निम्मे क्षार पुन्हा आत मुरतात आणि आठवड्याने परत फुलतात. आणि लोणा दिसतोय म्हणजे पाणी अजून चालू आहे, मागच्या प्रश्नांकडे परत जा.

रोज झाडतो तरी धूळ येतेच. येते कुठून?

कोब्यातूनच. तुम्ही रोज थोडा थोडा कोबा झाडून बाहेर टाकताय.

हा दोष जवळजवळ नेहमी कोबा टाकला त्या दिवशीच पडलेला असतो. माल सैल असला की पसरायला सोपा, म्हणून त्यात पाणी ओतत राहतात. सिमेंटच्या निम्म्या वजनाइतकं पाणी पुरेसं असतं, त्याहून जास्तीचं वर तरंगतं आणि येताना सिमेंटचे आणि मातीचे बारीक कण सोबत आणतं. हे पाणी उडून जायच्या आधीच घोटाई केली की ते कण पाण्यासकट वरच्या दोन-तीन मिलिमीटरांत कोंडले जातात. पाणी दिसतंय म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं तर आणखी वाईट. वर एक सुटी पापडी तयार होते. पुढे सात दिवस पाणी मारून ओलं ठेवायचं असतं, तेही होत नाही. बंद जागेत शेगडी किंवा इंजिन चालू ठेवून कोबा वाळवायला गेलं, तर त्या धुरातला कार्बन डायऑक्साइड कोवळ्या सिमेंटचा वरचा थर कायमचा पिठासारखा करून टाकतो.

खालचं काँक्रीट बहुतेक वेळा ठणठणीत असतं. बिघडलेलं असतं ते वरचं कातडं.

हे कातडं किती कमकुवत आहे ते घरच्या घरी कसं बघायचं?

एक लोखंडी खिळा घ्या. पेन धरतो तेवढ्याच जोराने कोब्यावर रेघ ओढा. चांगल्या कोब्यावर खिळा घसरतो, कर्रर्र आवाज येतो आणि चकचकीत धातूची रेघ उमटते. म्हणजे कोब्याने खिळा झिजवला. मध्यम कोब्यावर पांढरट ओरखडा उठतो, पण नखाला खाच लागत नाही. वाईट कोब्यावर खिळा आवाज न करता आत रुततो आणि रेघेच्या दोन्ही कडांना पीठ साठतं, मऊ खडूवर ओढल्यासारखं. त्याच जागी पुन्हा पुन्हा ओढत राहा आणि किती खोल गेल्यावर आवाज बदलतो ते बघा. तो आवाज बदलला की तिथून खरं काँक्रीट सुरू झालं.

आठ-दहा जागी हे करून खडूने खुणा करा. चाकांखाली, दरवाजापाशी आणि कोपऱ्यात उत्तरं वेगळी येतील.

डेन्सिफायर किंवा हार्डनर म्हणून मिळतं त्याने धूळ थांबते का?

मध्यम कोब्यावर थांबते, आणि छान थांबते. ही द्रावणं सोडियम, पोटॅशियम किंवा लिथियम सिलिकेटची असतात. सिमेंट घट्ट होताना सुटा कॅल्शियम हायड्रॉक्साइड शिल्लक राहतो, त्याच्याशी सिलिकेटची प्रक्रिया होते. त्यातून तयार होतं ते सिमेंटला ताकद देणाऱ्या संयुगाच्याच जातीचं असतं. म्हणजे हा वर बसलेला थर नाही, तो सुटण्याचा प्रश्न येत नाही.

पण खिळा पिठात रुतावा तसा रुतत असेल तर हे द्रावण वाया जाईल, तिथे आधी कातडं काढायला हवं. जुना रंग, मेण किंवा तेल असेल तरी ते आत शिरणार नाही. आधी पाण्याचा थेंब टाकून बघा: मिनिटाभरात मुरला आणि जागा काळी पडली तर ठीक, मोत्यासारखा बसून राहिला तर आधी सफाई.

लावणं सोपं आहे. धुऊन वाळू द्या, फवारा, आणि डब्यावर दिलेला वेळ, सहसा २० ते ३० मिनिटं, पृष्ठभाग त्या द्रावणाने ओला ठेवा. जास्तीचं पुसून घ्या. सोडियम सिलिकेटची डबकी वाळू दिलीत तर पांढरे काचेसारखे डाग राहतात आणि ते घासून काढताना घाम फुटतो.

सायलेन-सायलॉक्सेन नावाची द्रावणं वेगळी. ती कोबा घट्ट करत नाहीत. वरून सांडलेलं पाणी आत मुरू देत नाहीत आणि आतली वाफ बाहेर जाऊ देतात. ओलसर गॅरेजला हा गुण उपयोगी पडतो. दोन्ही करायचं तर सिलिकेट आधी.

त्यापेक्षा सिमेंटचं पाणी किंवा नीरू (चुन्याचा बारीक गिलावा) वरून फिरवला तर?

नको. पिठावर पापडी चढवल्यासारखं होतं. गाडी दोन वेळा वळली की सुटते.

कमकुवत थर काढायला ग्राइंडर बरा की ॲसिड?

ग्राइंडर. हिऱ्याची चकती लावलेलं जमीन घासायचं यंत्र भाड्याने मिळतं. ते कातडं, जुना रंग आणि बारीकसारीक उंचवटे एका फटक्यात काढतं. जागा छोटी असेल तर हातातला ग्राइंडर आणि वाटीच्या आकाराची चकती पुरते.

ही धूळ मात्र नेहमीची धूळ नव्हे. वाळूतला सिलिका इतका बारीक होतो की डोळ्यांना दिसत नाही, फुप्फुसात जाऊन बसतो आणि त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही. यंत्राला बारीक गाळणी असलेला व्हॅक्यूम जोडलेला हवा किंवा पाणी सोडत ओलं घासायला हवं. वर नीट बसणारा, बारीक धूळ अडवणारा मास्क हवाच. तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारे दिसतात. त्या रुमालाचा उपयोग शून्य आहे. कोरडं झाडू नका, कंप्रेसरने उडवूही नका.

हायड्रोक्लोरिक ॲसिड वरचा थर खातं हे खरं. पण ते तेलाच्या डागांवर काम करत नाही, जवळची लोखंडी अवजारं गंजवतं, आणि नीट धुतलं गेलं नाही तर स्वतःच क्षार मागे ठेवून जातं. ओलसर कोब्याला आणखी पाणी पाजायचं, हाही तोटा. वापरणारच असाल तर १० भाग पाण्यात १ भाग ॲसिड, आणि नेहमी पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. ब्लीचशी त्याची गाठ पडली तर विषारी क्लोरिन वायू निघतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि दोनदा स्वच्छ पाणी मारा.

जमीन नेमकी कुठे उंच-सखल आहे हे कसं मोजायचं?

सहा फुटी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवा आणि फिरवत न्या. पट्टी मध्ये टेकून डुलली तर उंचवटा, मध्ये फट दिसली तर खळगा. फटीत नाणी सरकवून खोली मोजता येते. दुसरी पद्धत मला जास्त आवडते: बादलीभर पाणी ओता, तासाभराने या आणि जिथे डबकं राहिलंय त्याच्या कडेने खडूने रेघ मारा. ज्या खळग्यांचा खरोखर त्रास होतो तेवढेच त्यात दिसतात. दोन-तीन मिलिमीटरांचा चढ-उतार गाडीला कळतही नाही. त्याच्या मागे लागू नका.

मग सेल्फ-लेव्हलिंग माल ओतला की सगळं सपाट होईल?

सपाट होईल, आणि तीच अडचण आहे. गॅरेजची जमीन सपाट नकोच असते. तिला दरवाजाकडे उतार हवा, साधारण १०० ला १ ते ५० ला १, म्हणजे ६ मीटर लांबीत ६ ते १२ सेंटिमीटर. गाडीवरून निथळलेलं पाणी आणि चुकून सांडलेलं पेट्रोल आत न साठता बाहेर जावं म्हणून तो उतार असतो. सेल्फ-लेव्हलिंग माल पाण्यासारखा वाहून उताराच्या टोकाला जमतो. ३ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब गॅरेजचा ६ सेंटिमीटर उतार बुजवायचा म्हटलं, तर अर्ध्या घनमीटरहून जास्त माल लागेल; वजन एक टनाच्या आसपास. आणि पाणी पुन्हा आतच.

गॅरेजच्या एखाद्या भागात कामाचं टेबल ठेवायचं किंवा खोलीसारखं काही करायचं असेल तर तिथे फळ्या आडव्या लावून तेवढ्यापुरता हा माल ओता. सिमेंटवर आधारलेला घ्या. जिप्समचा माल ओलीत मऊ पडतो. आधी प्रायमर लागतोच, नाहीतर कोरडा कोबा मालातलं पाणी ओढून घेतो आणि वर बुडबुडे फुटलेली भोकं राहतात. पाणी मापानेच. 'जरा सैल करू' म्हणून लिटरभर जास्त घातलं की तुम्ही पुन्हा तीच धूळ तयार केलीत.

मग खळगे भरायचे कसे?

खळग्याभोवती कटरने चौकोनी रेघ कापा, निदान १० मिलिमीटर खोल, आणि आतलं सुटं काँक्रीट छिन्नीने काढून टाका. कापायचं कारण असं की कडेला शून्य जाडीपर्यंत निमुळता केलेला माल चाकाखाली चुरतो; उभी कड असेल तर त्याला टेकायला जागा मिळते. तळाला टाचे मारा, म्हणजे छिन्नीने तो खडबडीत करा, आणि धूळ ओढून घ्या. मग पाणी मारा आणि साचलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. तळ ओलसर हवा, चकाकणारा नको.

यानंतरची पायरी लोक गाळतात. भरायच्या मालातलाच मूठभर माल पातळ करून कडक ब्रशने तळाला आणि कडांना चोळून घ्या, आणि ते ओलं असतानाच वर उरलेला माल दाबून भरा. चोळलेला थर वाळला तर तो पकडण्याऐवजी सोडवायचं काम करतो, म्हणून एका वेळी एकच खळगा घ्या. पॉलिमर मिसळलेला दुरुस्तीचा तयार माल साध्या वाळू-सिमेंटपेक्षा इथे खूपच चांगला. पट्टी फिरवून शेजारच्या पातळीला आणा, रंधा मारा, आणि डब्यावर लिहिलं असेल तेवढे दिवस झाकून ठेवा.

उंचवटे भरून बुजवायला जाऊ नका, ते घासून काढा. एक उंचवटा घासणं हे त्याच्याभोवतीचा सगळा कोबा वर उचलण्यापेक्षा कधीही स्वस्त.

भेगांचं काय?

आधी भेग जिवंत आहे की मेलेली ते बघा. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करा, तारीख लिहा, रुंदी मोजून ठेवा आणि दोन ऋतू जाऊ द्या. खुणेपुढे गेली नाही, रुंदावली नाही, तर ती कोबा सुकताना आकसल्याची जुनी भेग आहे. केसाएवढी असेल तर सोडून द्या. रुंद असेल तर थोडी उकरून लवचीक पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया भरा.

भेगेची एक बाजू दुसरीपेक्षा खाली गेली असेल तर प्रश्न भेगेचा नाही, खालच्या मातीचा आहे.

आणि कोब्यात मुद्दाम पाडलेले सरळ खाचे असतात, त्यांना भेगा समजून सिमेंटने बुजवू नका. कोबा तिथेच फुटावा म्हणून ते ठेवलेले असतात. बुजवलेत की तो आपल्या मर्जीने दुसरीकडे फुटतो.

एका कोपऱ्यात ठोकलं की बद्द आवाज येतो.

हातोडीने हळूहळू ठोकत सगळी जमीन फिरा आणि बद्द वाजणाऱ्या भागाला खडूने घेरा. घेर छोटा आणि आवाज उथळ असेल तर वरचा थर सुटलाय. तेवढा फोडून वरच्यासारखा भरा. घेर मोठा असेल आणि कोबा खचलेला दिसत असेल तर खाली पोकळी आहे. अशा वेळी कोब्याला भोकं पाडून खालून माती-सिमेंटचा लगदा किंवा फुगणारा फोम दाबाने भरतात आणि कोबा उचलतात. हे सराईत माणसाचं काम आहे; दाब थोडा जास्त झाला की कोबा मध्येच मोडतो. पण पोकळी कुठल्या पाण्याने केली ते आधी शोधा, बहुधा फुटका पाइप किंवा पन्हाळीचं पाणी निघतं.

जुन्या कोब्यावर सरळ नवा थर टाकला तर?

चालतं, पण थर पातळ असून चालत नाही. इंचभर जाडीचा साधा वाळू-सिमेंटचा थर चाकांखाली तडकतो. जुन्या कोब्यावर प्लास्टिक अंथरून त्यावर ३ ते ४ इंचांचं नवं काँक्रीट टाकलं तर ओलीची वाटही बंद होते आणि उतारही हवा तसा मिळतो. त्याआधी दरवाजाची उंची, घरात जायची पायरी आणि बाहेरच्या रस्त्याची पातळी मोजून घ्या. शटर बसत नाही हे काँक्रीट वाळल्यावर कळून उपयोग नाही.

तेलाचे जुने डाग जात नाहीत.

ताज्या डागावर मांजराच्या पेटीत वापरतात तसली शोषक माती टाकून पायाने चोळा आणि रात्रभर ठेवा. जुन्या डागावर तेल काढणारं अल्कधर्मी द्रावण, कडक ब्रश आणि गरम पाणी, असं तीन-चार वेळा. डाग पूर्ण गेला नाही तरी हरकत नाही. पाण्याचा थेंब मुरायला लागला की पुढचं काम करता येतं. थेंब अजून बसून राहत असेल तर तिथला थर घासूनच काढावा लागेल.

सगळं झालं. आता इपॉक्सी करू का?

कोबा कोरडा राहतो हे एक अख्खा ओला हंगाम पाहिल्यावर. खात्रीच हवी तर कोब्यात भोक पाडून आतली आर्द्रता मोजतात. फक्त वरून वाळणाऱ्या कोब्यात जाडीच्या ४० टक्के खोलीवर मोजायचं, म्हणजे १०० मिलिमीटरांत ४० वर. किती आकडा चालेल हे ज्या त्या लेपाच्या माहितीपत्रकात असतं, अनेकांची मर्यादा ७५ टक्क्यांच्या आसपास असते. नव्या काँक्रीटवर निदान २८ दिवस काहीच लावू नका.

इपॉक्सी घट्ट आणि धुवायला सोपी असते, पण उन्हात पिवळी पडते. लांबून आलेल्या गाडीचे तापलेले टायर स्वस्त लेप उचलून नेतात, म्हणून एका डब्यातल्या 'इपॉक्सी रंगा'पेक्षा दोन भाग मिसळायची घ्या. ओल सहन करणाऱ्या खास इपॉक्सी असतात, त्या दोन हात देऊन वर नेहमीचा लेप करता येतो. त्याही घासलेल्या, धूळरहित कोब्यावरच टिकतात.

माझं विचाराल तर घासलेला, सिलिकेट पाजलेला उघडा कोबा गॅरेजला पुरतो. तो दिसायला साधा असतो, पण ओल आली तर तिला बाहेर पडायला वाट असते. मी आता तेच ठेवलंय. रंगीत जमीन हवीच असेल तर खालून खाचा असलेल्या, एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या लाद्या बघा. त्या उचलून खाली झाडता येतं आणि हवाही फिरते. सपाट रबरी मॅट मात्र ओलसर कोब्यावर कायमची अंथरू नका. ती त्या प्लास्टिकच्या प्रयोगासारखीच खाली पाणी धरते.

या सगळ्यात गवंड्याला किंवा इंजिनिअरला कधी बोलवायचं?

पाणी दाबाने वर येत असेल, भेग कोब्यावरून भिंतीवर चढली असेल, गंजलेल्या सळईमुळे काँक्रीट फुगून तुकडे पडत असतील, किंवा कोब्याखाली तळघर असेल तर स्वतः हात घालू नका. कोब्यात ताणलेल्या तारा असल्याची शंका असेल तर एकही भोक पाडू नका. तशी तार तुटली की उसळून बाहेर येते. बोलवलेला माणूस आल्याबरोबर रंगाचा कॅटलॉग उघडू लागला, तर त्याला विचारा की ओल कुठून येते. तो बाहेर जाऊन पन्हाळ बघायला लागला तर पुढचं बोलणं करायला हरकत नाही.